कॉलेजची फी जमते, टायमिंग जमत नाही: लोक डिस्टन्सला का जातात

डिग्री डिस्टन्समधून, म्हणजे रोज कॉलेजात न जाता लांबूनच, करतोय असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघा एकदा. तोंडाने म्हणतो अरे वा छान, पण डोळ्यांत असतं की याला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली नाही वाटतं. मी स्वतः बी.ए. असंच केलं, एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करत करत, आणि नंतर दोन-तीन वर्षं रविवारी एका अभ्यासकेंद्रावर लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसायचो, त्यामुळे तो चेहरा मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. आणि खरं सांगतो, फॉर्म भरायला येणाऱ्यांत "नंबर लागला नाही" वाले फार कमी असायचे. आर्ट्स-कॉमर्सला आपल्याकडे सीट शोधायला फिरावं लागत नाही, तालुक्याच्या कॉलेजात बाक रिकामे पडलेले असतात. मग तरी लोक इकडे का येतात, ते नीट उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण सगळं एकाच पोत्यात घालतात. दहावी-बारावीला बाहेरून बसायचं तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, तो सगळ्यांना माहितीये, गावात "सतरा नंबर भरला" एवढंच म्हणतात. बहिःस्थ किंवा एक्सटर्नल म्हणजे विद्यापीठ फक्त परीक्षा घेतं, अभ्यास तुमचा तुम्ही बघा. दूरस्थ, म्हणजेच डिस्टन्स, यात विद्यापीठ शिकवतं पण लांबून, म्हणजे पुस्तकं देतं, गृहपाठ घेतं, अधूनमधून केंद्रावर बोलावतं. ऑनलाइन पदवी हा वेगळा प्रकार, तिथे शिकवणं, व्हिडिओ, चर्चा सगळं नेटवर. आणि "मुक्त" हा शब्द लोक दूरस्थच्याच अर्थाने वापरतात पण त्याचा मुद्दा निराळाय. मुक्त म्हणजे आत यायच्या अटी सैल. वय जास्त चालेल, मध्ये दहा वर्षं गेली तरी चालेल, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तर दहावी-बारावी राहून गेलेल्या माणसालाही वय १८ पूर्ण असेल तर पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला प्रवेश मिळण्याची सोय चालत आलीय. म्हणजे दूरस्थ हे अंतराबद्दल आहे आणि मुक्त हे दरवाजाबद्दल. नाशिकला दोन्ही एकत्र आहे म्हणून आपल्याकडे "मुक्तमधून केलं" हाच वाक्प्रचार झालाय.

हे काही कोरोनानंतर आलेलं फॅड नाही बरं का. दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे पदवी १९६२ ला सुरू केली. मुंबई विद्यापीठाचा पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग १९७१ चा, ज्याला पुढे सगळे आयडॉल म्हणायला लागले. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आंध्रात झालं, इग्नू म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, आणि आपलं नाशिकचं १९८९ मध्ये, राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीदवाक्य "ज्ञानगंगा घरोघरी". म्हणजे ज्याची आई पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मुक्तमधून बी.ए. झाली असा माणूस तुमच्याच ऑफिसात निघेल, विचारून बघा.

आता मूळ प्रश्न. कुणालाही विचारलं तर पहिलं उत्तर येतं "स्वस्त पडतं". पडतं, पण हे अर्धंच उत्तर झालं. साध्या अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी एवढी काही नसते की माणूस त्यासाठी कॉलेजच सोडेल, शिवाय स्कॉलरशिप असतात, फीमाफी असते. २०२४-२५ पासून तर राज्य सरकारने व्यावसायिक कोर्सेसना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. पण कॉलेजची खरी किंमत फीच्या पावतीवर छापलेलीच नसते.

हिशोब करून बघू. समजा एक पोरगा कंपनीत हेल्पर म्हणून लागलाय, हातात महिन्याला १५ हजार येतात. त्याने रेग्युलर बी.कॉम.साठी नोकरी सोडली तर ३६ महिने गुणिले १५ हजार, म्हणजे ५ लाख ४० हजार रुपये त्याच्या घरात आले नाहीत. फी शून्य धरली तरी ती डिग्री त्याला साडेपाच लाखांना पडली. आणि हे पैसे कुणी बँकेतून काढून देत नसतं, ते घरातल्या किराण्यातून, बहिणीच्या लग्नातून, बापाच्या औषधातून जातात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात, आमच्या लाइनवरचा सुपरवायझर म्हणायचा "बसून शिकायला बसून खायची सोय लागते". आता कुणी म्हणेल की नोकरी सोडायची कशाला, दोन्ही कर. पण कॉलेज भरतं नेमकं सकाळी-दुपारी, बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीचा नियम, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलणार. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कॉलेज बुडतं, सेकंडच्या आठवड्यात अर्धं बुडतं, आणि नाइटच्या आठवड्यात वर्गात बसता येतं पण डोळे उघडे राहत नाहीत. म्हणजे वर्गशिक्षणाची मुख्य मागणी काय, तर तुमच्या दिवसातले मधले पाच-सहा तास, रोज, ठरलेल्या वेळी. ज्याच्याकडे ते आहेत त्याला ही मागणी दिसतसुद्धा नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याला कॉलेज फुकट दिलं तरी घेता येत नाही.

आणि ही मागणी नुसती दिवसाच्या तासांची नसते, महिन्यांचीपण असते. ऊसतोडीचं बघा. बीडकडून, नगरच्या पाथर्डी भागातून माणसं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलच्या सुमाराला परततात. कॉलेजचं वर्ष जून-जुलैला सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. म्हणजे बरोबर ज्या महिन्यांत वर्ग चालतात त्या महिन्यांत हा पोरगा दुसऱ्या जिल्ह्यात फडावर असतो. त्याने कुठल्या वर्गात बसायचं? त्याला चालेल अशी व्यवस्था एकच, पुस्तकं ट्रंकेत घालून बरोबर नेता येतील आणि परीक्षा परत आल्यावर देता येईल अशी. फडावर रात्री अभ्यास होतो का, तर बहुतेक नाही होत, पहाटे चारला उठून कोयता हातात घ्यायचा असतो. पण निदान नाव तर लागलेलं राहतं, आणि नाव लागलेलं राहणं ही छोटी गोष्ट नाही.

मुलींचं गणित अजून वेगळंय, आणि मला यावर जरा जास्त बोलायचंय.

बारावीपर्यंत गावातल्या मुलीला एसटीचा पास फुकट मिळतो. बारावी झाली की हा फुकट पास संपतो, मग विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास काढायचा, तोही स्वस्तच असतो, पैशाचा प्रश्न तिथेही फार मोठा नाही. प्रश्न असतो की सकाळची गाडी साडेसहाला आणि परतीची संध्याकाळी सहाला, हिवाळ्यात घरी येईपर्यंत अंधार, आणि स्टँडवर कोण कोण उभं असतं यावरून गावात चर्चा. एकदा चर्चा झाली की विषय संपला. मग घरात जी तडजोड होते ती म्हणजे "शिक की, पण घरी बसून शिक". लग्न ठरवताना पण हेच, मुलगी म्हणते मला पुढे शिकायचंय, मुलाकडचे म्हणतात शिकू द्या ना, मुक्तमधून शिकू द्या. माझ्यासमोर फॉर्म भरायला अशा कितीतरी जणी आल्या, हळदीचा रंग अजून हाताला आहे आणि नाव कुठलं लिहू विचारतायत, माहेरचं की सासरचं, कारण मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं.

आता याकडे कसं बघायचं हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. एका बाजूने खरंय की डिस्टन्स नसतं तर ती बारावीवरच थांबली असती. दुसऱ्या बाजूने असंही वाटतं की डिस्टन्स आहे म्हणून घरच्यांना तिला बाहेर न पाठवायला एक सोज्वळ कारण मिळालं, शिक्षणाला आमचा विरोध नाही असंही म्हणता आलं आणि पोरगी उंबऱ्याच्या आतही राहिली. कॉलेजात नुसता अभ्यासक्रम नसतो हो, मैत्रिणी असतात, कँटीन असतं, गॅदरिंग असतं, एकटीने बँकेत जाऊन चलन भरायचं असतं. ते सगळं पोस्टाने घरी येत नाही.

वय आणि लाज हेही एक कारण, ज्यावर कुणी उघड बोलत नाही. आमच्या बॅचला एक मावशी होत्या, पंचेचाळीसच्या पुढच्या, शाळेत शिपाई. ज्या शाळेत त्या घंटा वाजवायच्या तिथलेच एक सर आमच्या केंद्रावर शिकवायला यायचे आणि मावशींनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं की सर शाळेत कुणाला सांगू नका. त्या अठरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात रोज जाऊन बसल्या असत्या का? नाही. डिस्टन्समध्ये बाजूला बसलेला माणूस पण तुमच्याच वयाचा असतो, कुणी हवालदार, कुणी सुट्टीवर आलेला फौजी, कुणी दुकानवाला. आणि बाकीचे दिवस तर कुणी बघायलाच नसतं. नापास झालं तरी गावाला कळत नाही, ही सोय ज्यांनी नापास होऊन गावात तोंड लपवलंय त्यांनाच कळेल.

मग एक मोठा गट स्पर्धा परीक्षावाल्यांचा. एमपीएससीला पदवी लागते, कुठली ते महत्त्वाचं नाही, मान्यताप्राप्त असली म्हणजे झालं. तर हा पोरगा पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसतो, त्याला कॉलेजची हजेरी म्हणजे अडथळाच, म्हणून मुक्तमधून बी.ए. आणि विषयही असे निवडतो जे परीक्षेला उपयोगी पडतील, इतिहास, राज्यशास्त्र वगैरे. यांच्यासाठी डिस्टन्स म्हणजे शिक्षण नाहीच, दिवस मोकळा ठेवायची युक्ती आहे. चूक म्हणत नाही. आणि २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली तेव्हापासून रेग्युलरवाले पण एक डिग्री कॉलेजात आणि दुसरी डिस्टन्सने अशा जोड्या लावायला लागलेत.

आता "सोपं असतं म्हणून जातात" या आरोपाकडे येऊ. डिस्टन्समध्ये अभ्यास मोजायचं माप असतं क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, वाचन, गृहपाठ सगळं धरून. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. वर्षाला ४० क्रेडिट धरले तर १२०० तास, म्हणजे दिवाळी-दसरा-आजारपण न धरता रोज सव्वातीन तास. नोकरी करून, स्वयंपाक करून, रोज सव्वातीन तास! हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात किती लोक करतात तर फार थोडे, बाकीचे परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइड आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स. पण मग रेग्युलरवाले तरी काय वेगळं करतात? बी.ए.च्या किती वर्गांत सप्टेंबरनंतर पोरं दिसतात सांगा बरं. सायन्सला प्रॅक्टिकल आहे म्हणून जावं लागतं, बाकी ठिकाणी हजेरीपटावर रेग्युलर आणि प्रत्यक्षात डिस्टन्स असलेले हजारो असतील, फक्त त्यांना कुणी डिस्टन्सवाले म्हणत नाही.

खरा फरक मला वाटतो कामाच्या वाटणीचा आहे. कॉलेजात काही कामं कॉलेज तुमच्यासाठी गुपचूप करत असतं, आज काय शिकायचं ते ठरवणं, घंटा वाजवणं, मागच्या आठवड्यात न समजलेलं शेजारच्याला विचारायची सोय, परीक्षेचा फॉर्म सुटला की शिपाई ओरडून सांगतो ते. डिस्टन्सला ही सगळी कामं तुमच्या गळ्यात येतात. पुस्तकं मात्र वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात हे सांगायला पाहिजे, स्वयंअध्ययन साहित्य म्हणतात त्याला, धडा सुरू व्हायच्या आधी उद्दिष्टं, मध्ये मध्ये थांबून प्रश्न, शेवटी उत्तरांच्या सूचना, म्हणजे शिक्षक जे वर्गात फळ्यापाशी उभं राहून करतो ते कागदावर करायचा प्रयत्न. चांगलं पुस्तक असलं तर खरंच काम करतं ते. पण पुस्तक तुम्हाला हाक मारत नाही. नाइट शिफ्ट करून आल्यावर उशाशी पडलेलं ते पुस्तक गप्प असतं आणि झोप गप्प नसते.

गृहपाठाचं पण तसंच. इग्नूत बऱ्याच कोर्सना ३० टक्के मार्क असाइनमेंटचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे असं असतं, म्हणजे पेपर कितीही चांगला लिहा, असाइनमेंट दिलं नाही तर तो विषय पूर्ण होत नाही. मी दुसऱ्या वर्षी असाच एका विषयात अडकलो, तारीख लक्षात नव्हती आणि सांगणारं कुणी नव्हतं. वर्ष गेलं असं नाही म्हणता येणार, कारण इथे तीन वर्षांची डिग्री पूर्ण करायला जास्तीची वर्षं देतात. पण तेच गोड विषपण आहे. पुढच्या वेळी देऊ, पुढच्या वेळी देऊ करत माणूस कधी बाहेर पडला ते त्यालाही कळत नाही. कुणी काढून टाकत नाही, तो आपोआप गळतो.

आणि रविवार. संपर्क सत्रं, म्हणजे केंद्रावर बोलावून शिकवायचे तास, रविवारी ठेवतात कारण नोकरदारांना सुट्टी. ठरवणाऱ्याने कुठल्या तरी पुरुषाचा रविवार डोळ्यासमोर ठेवलेला दिसतो. बाईचा रविवार म्हणजे सगळे घरी, सकाळी पोहे, दुपारी मटण, संध्याकाळी पाहुणे, आठवड्याचे कपडे. आमच्याकडे सत्राला बायका कमी यायच्या आणि काही सर म्हणायचे यांना इंटरेस्टच नाही. इंटरेस्ट होता हो, कुकर पण होता.

शेवटी डिग्री चालते का हा प्रश्न, जो मला आठवड्याला दहा वेळा विचारला जायचा. चालते. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. पण "मान्यताप्राप्त" या शब्दात सगळा खेळ आहे. इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर अशा पदव्या डिस्टन्सने घ्यायला परवानगी नाही, पीएच.डी.ला पण नाही, आणि हे कुणी "अ‍ॅडजस्ट करून देतो" म्हणाला तर तिथून उठून या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांनी डिस्टन्सने दिलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांबद्दल निकाल दिला, २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसायची संधी मिळाली आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. विचार करा, नोकरी लागून दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाला सांगितलं की तुझी डिग्री नाही.

म्हणून यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर जाऊन बघायचं की या विद्यापीठाच्या, या कोर्सला, या वर्षाच्या सत्रासाठी मान्यता आहे का. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, नुसतं विद्यापीठाचं नाव यादीत असून भागत नाही. २०२४ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा नंबर, काढावा लागतो, तो तुमचा तुम्ही काढा, कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर काढला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि मग फिरत बसा. पूर्वतयारी परीक्षा देऊन आलेल्यांनी एक लक्षात ठेवा, ती परीक्षा म्हणजे बारावी नव्हे, ती पदवीच्या प्रवेशापुरती आहे, त्यामुळे ज्या भरतीच्या जाहिरातीत बारावी पास लिहिलंय तिथे बी.ए. हातात असूनही अडकायला होऊ शकतं. वय आणि हिंमत शिल्लक असेल तर सतरा नंबर भरून बारावी पण करून ठेवा.

आणि केंद्र निवडताना फार मोठं नाव बघू नका, जवळचं बघा. पैसे भरायच्या आधी एका रविवारी सकाळी अकराला नुसतं जाऊन या, कुलूप उघडलेलं आहे का तेवढं बघा.